दोन बोटं जास्त

दर शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मास्तर कोणीतरी दुसरेच व्हायचे. कधी निवृत्त वैमानिक, कधी विज्ञानाचे शिक्षक, एकदा तर चक्क तीन लेकरांची आई. नाक चिमटीत धरायचं, आवाज घशात आत ओढायचा आणि फोन लावायचा. पलीकडे त्यांची भाची असायची. तिचा रेडिओवर कार्यक्रम होता, ‘वरचा बाजार’. रॉकेटं कोण बनवतंय, किलोमागे किती घेतंय, सरकारनं कुठला नवा नियम काढला, कुठली कंपनी बुडाली, कुठली बुडता बुडता सरकारी कंत्राटाला लोंबकळून वाचली, हे सगळं ती अशा भाषेत सांगायची की भाजी निवडता निवडता माणसाला कळावं. शेवटची वीस मिनिटं श्रोत्यांच्या फोनची. त्या वीस मिनिटांत एक फोन मामाचा, हे ठरलेलं. आणि भाचीला यातलं काही माहीत नाही, अशी मामाची पक्की समजूत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. वय बावन्न, मिशा पिकलेल्या, डोळे मात्र अजून खोडी काढून पळालेल्या पोरासारखे. वर्कशॉप त्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आक्काचं, म्हणजे भाचीच्या आईचं. पहिली बावीस वर्षं भावाबहिणीनं शाळेचे गणवेश शिवले. मग एकदा सरकारी अंतराळ खात्याचा एक साहेब आपल्या मुलाच्या सदऱ्याची बाही वाढवून घ्यायला आला, आक्काचा टाका बघत राहिला आणि जाताना विचारून गेला, “याच्यापेक्षा पातळ कापड शिवाल का?” त्याला आता अकरा वर्षं झाली.

ते पातळ कापड म्हणजे उपग्रहाचं पांघरूण. वर गेल्यावर उपग्रहाच्या एका अंगाला उन्हाचा चटका आणि दुसऱ्या अंगाला हाडं गोठवणारी थंडी. म्हणून त्याला सोनेरी झिलईचं, वीस पदरांचं पांघरूण घालायचं. एकेक पदर कांद्याच्या सालीहून पातळ, मध्ये जाळी, आणि टाके जितके कमी तितके चांगले, कारण सुईच्या भोकातून ऊब निसटते. कमी टाक्यांत घट्ट बसवायचं, हीच त्यातली कला. शिवून झालं की तुकडा भट्टीत तापवून त्यातली ओल आणि वाफ काढायची, आणि त्यानंतर पुन्हा कात्री लागली तर पुन्हा भट्टी. आक्काकडे नऊ बायका हे काम करत, सरळ कडा पायमशीनवर आणि बाकी सगळं हातानं. डोक्याला टोपी, हाताला मोजे, आणि ड्रॉइंगवर काहीही नंबर असो, तोंडात शिवणाचीच भाषा. उपग्रहाला गळा होता, कंबर होती, बाह्या होत्या. पंख्यासारखा उलगडणारा हात जिथे अंगाला जोडलेला असतो ती काख. काख अवघड. ती कापायची, शिवायची आणि बंद करायची फक्त मास्तरांनी, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

भिंतीवर आक्काच्या अक्षरात नियमांची पाटी होती. नियम सात. त्यातले पाच मास्तरांच्या उचापतींमुळे जन्माला आलेले. चौथा नियम, ‘सुई लपवून गंमत करू नये’. त्याच्या खाली मास्तरांनी एकदा हळूच लिहिलं होतं, ‘सापडली होती’. तेही आक्कानं तसंच राहू दिलं होतं.

तर त्या शनिवारी मास्तर वैमानिक झाले आणि गोदामाच्या कोपऱ्यात फोन धरून उभे राहिले. फोनमधून भाचीचा कार्यक्रम ऐकू येत होता.

“पूर्वी एक किलो वर न्यायला जितके लागायचे, त्याच्या पाचव्या हिश्श्यात आता काम होतंय. रॉकेट परत येतं, धुऊनपुसून पुन्हा उडतं. मग ज्या वस्तू आपण निव्वळ वजन वाचवायला हातानं, जपून, महागात करत होतो, त्या तशाच का करायच्या? उपग्रहाची पांघरुणंच घ्या. अजून काही ठिकाणी हातानं शिवतात. मशीन तेच काम तिसऱ्या हिश्श्यात करतं. भरेना का चार-पाचशे ग्रॅम जास्त. खरं सांगायचं तर हातशिलाई हे आता या धंद्यावरचं ओझं आहे.”

मास्तरांच्या हातून नाकच सुटलं. पुन्हा पकडलं तोवर ते थेट प्रसारणात होते.

“नमस्कार बाई. मी निवृत्त वैमानिक बोलतोय. तीस वर्षं आकाशात काढली.”

“वा. कुठलं विमान चालवायचात, साहेब?”

“मोठं.”

“अच्छा. बोला.”

“तुम्ही पांघरूण कधी हातात घेऊन बघितलंय का?”

“लहानपणापासून बघतेय,” भाची म्हणाली आणि जरा थांबली. “म्हणजे, या विषयाचा माझा अभ्यास जुना आहे.”

“मग ओझं कसं म्हणता? ज्यांचे हात—”

“साहेब, हात चांगले असतात म्हणून भाव चांगला राहत नाही. सरकारनंच आता स्वतः बनवणं सोडून बाहेरून ठरल्या भावानं घ्यायचं धोरण केलंय. कंपन्या पै-पै कापणार. हे मला आवडतं की नाही, हा प्रश्नच नाही. धन्यवाद, पुढचा फोन घेऊया.”

मास्तर स्वच्छ खोलीत परतले तेव्हा आक्काच्या मशीनशेजारचा रेडिओ चालूच होता. आक्का टाके मोजत होती.

“ऐकलंस?” मास्तर म्हणाले.

“ऐकलं. बोलते छान. कुठं अडखळत नाही.”

“अगं, ती आपल्यालाच ओझं म्हणाली.”

“भाव खरा सांगितला तिनं. माझी पोरगी रेडिओवर खोटं बोलावी, असं वाटतं का तुला?” आक्कानं दोरा दातानं तोडला. दातानं दोरा तोडू नये हा नियम तिसरा, आणि तो आक्काचा स्वतःचा. त्यावरून मास्तरांना कळलं की लागलंय.

मंगळवारी खरेदीबाई आल्या. उपग्रह बनवणाऱ्या एका खासगी कंपनीत सगळी खरेदी त्यांच्या हातात. बोलायला मऊ, पण वही उघडली की समोरचा आपला भाव आपणच खाली आणायचा. गेल्या महिन्यातच त्यांनी आक्काशी चाळीस उपग्रहांच्या पांघरुणांची बोलणी जवळपास पक्की केली होती.

“आक्का, सही थांबवावी लागतेय,” त्या म्हणाल्या. “आमच्या संचालकांनी शनिवारी ‘वरचा बाजार’ ऐकला. आता म्हणतात, मशीनवाल्या कारखान्यालाही संधी द्या.”

“द्या की,” आक्का म्हणाली.

“दोघांनी एकेक पूर्ण संच बनवायचा. चौदा तुकडे. पुढच्या शनिवारपर्यंत भट्टीत भाजून हवेत. सोमवारी सकाळी खऱ्या उपग्रहावर चढवून बघू. ज्याचा संच बसेल, वजनात राहील, आणि भाव परवडेल, त्याचं काम.”

“आणि ज्याचा नाही?”

खरेदीबाईंनी वही मिटली. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. सरकारी खात्याकडून आता वर्षाला दोन उपग्रह येत, तेही पुढच्या वर्षी बंद. हे चाळीस गेले तर नऊ बायका, टोप्या, मोजे, भट्टी, सगळं गुंडाळून पुन्हा गणवेश. गणवेशात कमीपणा काही नव्हता. पण ज्या बाईनं अकरा वर्षं उपग्रहांना कपडे घातले, तिनं पुन्हा इयत्ता तिसरीच्या चड्ड्यांना नाडी ओवायची, हे मास्तरांना डोळ्यांसमोर आणवेना.

रविवारी भाची जेवायला आली. आक्कानं वाढलं, चौकशी केली, रेडिओचा विषय काढला नाही. मास्तरांना एवढी शांतता कधीच पचत नाही.

“काय गं, धंद्यावरच्या ओझ्याच्या घरचं जेवण जातंय का घशाखाली?”

“मामा, मी आईच्या वर्कशॉपबद्दल बोलले नव्हते. एकूण बाजाराबद्दल बोलले.”

“एकूण बाजारात हातानं शिवणारे आहेत किती? आम्ही आणि आमचा आरसा.”

“मग काय करायचं? आईचं काम टिकावं म्हणून आकडे लपवू?”

“लपवू नकोस. पण ‘हे काम माझी आई करते’, एवढं तरी सांगशील?”

भाचीनं ताटाकडे बघितलं. “सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, आईला सांभाळून घेतेय. नाही सांगितलं तर तू म्हणतोस, आईला ओळख दाखवत नाही. कुठूनही मीच वाईट.”

“वाईट कुणी म्हटलं,” आक्का म्हणाली. “जेव.”

दारातून निघताना भाची सहज बोलल्यासारखी म्हणाली, “मामा, तो वैमानिक फोन करतो ना, त्याला कुणीतरी सांगा, मागून शिलाई मशीनचा आवाज येतो.”

मास्तरांनी दार लावलं. मग त्यांनी ठरवलं की हा योगायोग असणार.

कामाचे दिवस भरभर गेले. तेरा तुकडे बायकांनी असे शिवले की बघत राहावं. गळा, कंबर, दोन्ही बाह्या, सगळं भट्टीतून निघून पेटीत गेलं. काख राहिली होती. ती मास्तरांनी शनिवारी सकाळी कापायला घेतली, म्हणजे दुपारपर्यंत शिवून संध्याकाळच्या आत भट्टीतून काढता येईल. कापायला घेतली आणि घड्याळात बघितलं. अकरा वाजून आठ मिनिटं.

आता शहाण्या माणसानं फोन बाजूला ठेवला असता. मास्तरांनी तो खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबला. आज ते विज्ञानाचे शिक्षक होते आणि त्यांच्याकडे एक जबरदस्त प्रश्न होता. पलीकडून फोन जोडणारी बाई म्हणाली, “थांबा, तुमच्या आधी तिघे आहेत.” मास्तर थांबले. डोक्यात प्रश्न घोळवत राहिले. हातात कात्री होती आणि ती मात्र थांबली नाही. हात आपलं आपण काम करत गेला. बावीस वर्षांची सवय ती.

प्रश्न शेवटी प्रसारणात गेलाच नाही. वेळ संपली. मास्तरांनी काख शिवून बंद केली, भट्टीत टाकली, आणि संध्याकाळी पेटीत ठेवताना वर शीळही घातली.

सोमवारी पहाटे उजाडता उजाडता आक्कानं संच वजनाला घातला. तिचे संच नेहमी मर्यादेच्या आत असत, त्याचा तिला गर्व होता. काटा अडतीस ग्रॅम पुढे गेला. तिनं काटा पुसला, पुन्हा ठेवलं. अडतीस. मग ती एकेक तुकडा हातात घेऊन कडांवरून बोट फिरवू लागली. काखेवर बोट थांबलं.

“मास्तर.”

ती भावाला मास्तर म्हणाली की काहीतरी बिनसलेलं असे.

“इथं माया कुणी सोडली?”

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. गणवेश शिवताना ती सोडावीच लागते, दोन बोटं. पोर वाढतं, पुढच्या वर्षी आई सदरा घेऊन येते, आपण उसवून मोकळा करून देतो. उपग्रहाच्या ड्रॉइंगमध्ये असलं काही नसतं. तिथं कापायचं ते रेघेवर.

मास्तरांनी बोट फिरवून बघितलं. वीसच्या वीस पदरांना दोन बोटं माया. व्यवस्थित दुमडलेली, सुबक दाबलेली. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं पाठ थोपटली असती अशी.

“कापताना फोनवर होतो,” ते म्हणाले.

आक्कानं काख टेबलावर ठेवली. “उपग्रह काय पुढच्या वर्षी पाचवीत जाणार आहे?”

खोलीत टोपी घातलेल्या दोघीजणी होत्या. त्यांनी तोंडं भिंतीकडे केली. त्यांचे खांदे हलत होते. मास्तरांना मात्र आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या विनोदावर हसू आलं नाही. नवा तुकडा कापायला कापड नव्हतं, कंपनीनं मोजूनच दिलेलं. नऊला हजर व्हायचं होतं.

“उसवून कापून टाकतो जास्तीचं,” ते म्हणाले.

“आणि कापलेली कड पुन्हा भट्टीत कधी घालणार? राहू दे.” आक्कानं वजनाचा कागद ओढला आणि ठळक अक्षरात जे होतं ते लिहिलं. मर्यादेपेक्षा अडतीस ग्रॅम जास्त. “हरलो तर खरं वजन लिहून हरू.”

कंपनीच्या हॉलमध्ये जमीन इतकी स्वच्छ की पाय ठेवायला जीव धजेना. मध्ये चौथऱ्यावर उपग्रह उभा, कपाटाएवढा, तारा आणि खोकी उघडी पडलेली. मास्तरांना नेहमी वाटे तसंच वाटलं, आंघोळ घालून उभं केलेलं पोर, आता अंगावर काहीतरी घाला याच्या. बाजूला चष्मेवाला इंजिनियर, खरेदीबाई, आणि मशीनवाल्या कारखान्याचा माणूस. माणूस सभ्य होता. त्यानं आक्काला वाकून नमस्कार केला, त्यामुळे त्याच्यावर रागावण्याचीही सोय राहिली नाही.

वजनाचे कागद आधी वाचले गेले. कारखान्याचा संच मर्यादेच्या आत, खरेदीबाईंनी बरोबरची खूण केली. आक्काच्या कागदावर फुली मारली.

मग कारखान्याचे तुकडे चढले. मास्तर मान वाकडी करकरून खोट शोधत होते. सापडेना. सपाट बाजूंवर तर पांघरूण असं बसलं होतं जसं काही उपग्रह त्यातच जन्मला.

“बरं केलंय,” मास्तर आक्काच्या कानात म्हणाले.

“दिसतंय मला.”

तेरा तुकडे झाले. चौदावा, काखेचा, इंजिनियरनं धरला, वळवला, खाली ओढला. एका बाजूला बसवला तर दुसरीकडे फट. दुसरीकडे ओढला तर पहिलीकडे. फटीतून हात उलगडणारी आतली मोटर दिसत होती.

“असं कसं?” कारखान्याचा माणूस म्हणाला. “ड्रॉइंगप्रमाणे अचूक आहे.”

इंजिनियरनं पट्टी लावून मोटर मोजली आणि त्याचा चेहरा पडला. “मोटर बदलली होती. आधीची कमी पडत होती म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मोठी घातली. ड्रॉइंग…” त्यानं चष्मा काढून पुसला. “ड्रॉइंग बदलायचं राहिलं. दोघांनाही जुनंच गेलंय.”

“किती फरक?” खरेदीबाईंनी विचारलं.

“तीस मिलिमीटर.”

“नवा तुकडा किती दिवसांत?”

कारखान्याचा माणूस प्रामाणिक होता. “नवा साचा, नवं कापड मागवणं, कापणी, भट्टी, बारा दिवस. मग नव्या कापडाच्या तपासणीचे तुमचे नऊ.”

“एकवीस. आणि उपग्रह पेटीत घालायचा आहे एकोणिसाव्या दिवशी.” खरेदीबाई वहीकडे न बघता बोलत होत्या. “रॉकेटवर आमच्यासारखे आणखी तीस जण आहेत. ते आमच्यासाठी थांबत नाही. चुकलं तर पुढची जागा सात महिन्यांनी, आणि भरलेले पैसे गेले ते गेलेच.”

खरेदीबाईंनी आक्काच्या पेटीकडे बोट केलं. इंजिनियरनं उपचार म्हणून आक्काची काख उचलली आणि लावून बघितली. ती पण तेवढीच तोकडी पडली. का नाही पडणार, बाहेरून ती त्याच रेघेवर होती.

मास्तर त्या फटीकडे बघत होते. तीस मिलिमीटर म्हणजे किती, हे त्यांनी मनात नाही, उजव्या हाताची बोटं जुळवून मोजलं. मग ते सावकाश बहिणीकडे वळले.

“आक्का, उसवू?”

आक्काला एक क्षण लागला. मग तिनं पर्समधून नव्हे, गळ्यातल्या दोरीला बांधलेल्या डबीतून सुई काढली. डबी ती निजतानाही काढत नसे.

“उसव.”

मास्तर स्टुलावर बसले, तुकडा मांडीवरच्या पांढऱ्या फडक्यावर घेतला. टाके एकेक करून काढले. वीस पदरांची घडी पुस्तकाच्या पानांसारखी उलगडत गेली आणि आतून कोरं, सोनेरी, दोन बोटं कापड बाहेर आलं. भट्टीतून गेलेलंच होतं, वेगळी तपासणी नको. जुन्या भोकांवर आक्कानं चिकटपट्टीचे इवलेसे ठिपके लावले. मास्तरांनी नवी कड घातली, नवे टाके, मोजून अकरा. कारखान्याचा माणूस जवळ येऊन उभा राहिला होता, हात मागे बांधून, विद्यार्थ्यासारखा. पन्नास मिनिटं गेली. मग मास्तर उठले, आणि काखेला कपडा असा घातला की फट तर सोडाच, सुरकुतीही दिसेना.

इंजिनियर खाली वाकून, वर चढून, सगळीकडून बघून आला. “पण तुम्हाला कसं कळलं, मोटर बदललीय ते?”

अशी संधी मास्तरांना उभ्या जन्मात आली नव्हती. चार उत्तरं जिभेवर तयार. उपग्रहाची नाडी बघून कळतं. माझ्या ओळखीचे एक निवृत्त वैमानिक आहेत. काहीही खपलं असतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि समोर खरेदीबाईंच्या हातातला तो कागद दिसला, आक्काच्या अक्षरातला. अडतीस ग्रॅम जास्त.

“नाही कळलं,” मास्तर म्हणाले. “चूक झाली. मी बावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेत, साहेब. पोरं वाढतात म्हणून आम्ही दोन बोटं आत सोडतो. कापताना लक्ष फोनमध्ये होतं, हातानं सवयीनं सोडली.”

खरेदीबाई हसतील असं त्यांना वाटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी इंजिनियरला विचारलं, “गेल्या वर्षभरात शेवटच्या महिन्यात असे बदल किती वेळा झाले?”

“सांध्यांवर? जवळजवळ दर वेळी.”

“आणि आपण काय करतो?”

“चिकटपट्टी लावतो आणि बोलत नाही.”

खरेदीबाईंनी वही उघडली आणि उभ्या उभ्या बराच वेळ लिहिलं.

गुरुवारी त्या स्वतः पत्र घेऊन वर्कशॉपवर आल्या. सपाट तुकडे कारखान्याला. काखा, गळे, सगळी वळणं, म्हणजे चाळीस उपग्रहांचे मिळून दोनशे चाळीस तुकडे, आक्काला. आणि सोबत काखेचं नवं ड्रॉइंग. आत एक तुटक रेघ होती आणि इंजिनियरनं शेजारी लिहिलं होतं: शिवणीत माया, चाळीस मिलिमीटर, सक्तीची. अकरा वर्षांत मास्तरांनी शेकड्यांनी ड्रॉइंगं पाहिली, शिवणाचा शब्द त्यांनी त्यात पहिल्यांदाच बघितला. त्यांनी तो कागद उलटा केला, सुलटा केला, आणि मग पुठ्ठ्यावर चिकटवायला घेतला.

“भाव मात्र थोडा खाली आणावा लागेल, आक्का,” खरेदीबाई म्हणाल्या.

“सपाटाचा भाव तुमचं मशीन सांगेल,” आक्का म्हणाली. “वळणाचा मी सांगते. बसा, चहा येतोय.”

शुक्रवारी संध्याकाळी भाची आली. तिनं पुठ्ठ्यावरचं ड्रॉइंग दोनदा वाचलं. मग उसवलेल्या टाक्यांचे दोरे आक्कानं बरणीत ठेवले होते, तेही बघितले.

“आई, हे मी उद्या सांगू का? तुझं म्हणून?”

“सांग. चुकलीस ते सांग, आणि बरोबर होतीस तेही सांग. सपाट तुकडे मशीननंच करावेत, आमच्याहून चांगले करतं ते.”

शनिवारी अकराला वर्कशॉपमध्ये सगळी मशीनं बंद होती. नऊ बायका रेडिओभोवती. मास्तर मात्र गोदामाच्या कोपऱ्यात फोन घेऊन. सवय कुठं जाते.

“आज आधी एक कबुली,” भाची सांगत होती. “हातशिलाईला मी ओझं म्हटलं होतं. ती शिलाई माझी आई करते आणि माझा मामा करतो. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आता हिशेब ऐका. वजन स्वस्त झालंय, हे मी बरोबर सांगितलं. पण काहीतरी महाग झालंय, ते माझ्या नजरेतून सुटलं. वेळ. वाटून घेतलेलं रॉकेट कुणासाठी थांबत नाही. शेवटच्या दिवसांत जो माणूस सुई घेऊन बसतो आणि पन्नास मिनिटांत दुरुस्त करून देतो, त्याचा भाव या बाजारात कुणी लावलाच नव्हता. परवा एका कंपनीनं लावला.” तिनं सगळी हकीकत सांगितली, फोनवर कापणाऱ्या मास्तरांसकट. अडतीस ग्रॅमसुद्धा गाळले नाहीत. आक्का टोपी सारखी करत होती, आणि टोपी होती तिथंच नीट होती.

मग फोन सुरू झाले. मास्तरांनी नाक धरलं.

“नमस्कार बाई, मी निवृत्त वैमानिक—”

“मामा,” भाची म्हणाली, “आज तू खरा धंदा सांग.”

गोदामात मास्तर एकटेच उभे होते. पलीकडे रेडिओजवळ कुणीतरी फिसकन हसलं. त्यांनी नाक सोडलं.

“मी शिलाई मास्तर,” ते म्हणाले, आणि आवाज त्यांच्या नेहमीच्या आवाजाहूनही जरा जाड निघाला. “उपग्रहांचे कपडे शिवतो. आक्काकडे.”

“बोल मामा. वेळ आहे.”

ते बोलले, चांगली सात मिनिटं. गळ्याबद्दल, कमरेबद्दल, अकरा टाक्यांबद्दल. बोलता बोलता रंगात आले, फोन खांद्यावर दाबून स्वच्छ खोलीत आले, आणि टेबलावर पसरलेलं सोनेरी कापड बघून त्यांचा हात आपोआप कात्रीकडे गेला.

कात्री तिथं नव्हती. ती आक्काच्या हातात होती. दुसऱ्या हातातल्या खडूनं ती भिंतीवरच्या पाटीवर आठवा नियम लिहीत होती.